किमान प्रवाह चालू होता, तरी मासे अडकले

डोहकाठ | रविवार, रात्री ९:४२

एका धरणाच्या खाली अडीचेक किलोमीटरवर मी सहा वर्षं पक्षी बघायला जातोय. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळा धागा त्या एका धरणाभोवतीच फिरत राहील.

काल पहाटे पोचलो तर पाणी गायब. म्हणजे मधोमध धार होती, चांगली वाहती होती. पण आदल्या संध्याकाळी जिथे मांडीभर पाणी होतं तिथे ओले गोटे, आणि गोट्यांच्या मध्ये डबकी. काही परातीएवढी, काही घमेल्याएवढी, एखादं खाटेएवढं. पहिल्या डबक्यात वाकून बघितलं तर पाणी थरथरत होतं. वारा नव्हता. बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती, शे-दीडशे असतील, सगळी एका कोपऱ्यात तोंडं वर करून. वंचक रांगेत उभे. एरवी हा पक्षी अर्धा-अर्धा तास पुतळ्यासारखा थांबतो तेव्हा कुठे एक मासा मिळतो. काल तो शिकार करत नव्हता, वेचत होता.

मित्राची टोपी आणि माझ्या डब्याचं झाकण, एवढ्यावर साडेनऊपर्यंत अकरा डबकी रिकामी केली. बाराव्यात हात घातला तर पाणी कोमट लागलं. पिल्लं उलटी झाली होती.

परतताना धरणावरच्या चौकीत विचारलं. उत्तर सभ्यपणे मिळालं, "किमान प्रवाह चोवीस तास चालू आहे." म्हणजे नदीत कायम सोडायचं नियमातलं कमीत कमी पाणी. फळ्यावर खडूने आकडाही लिहिलेला होता. आणि तो खरा होता, धार मी डोळ्यांनी बघून आलो होतो. राग काढायला जागाच उरली नाही.

नियम पाळूनही हे होत असेल तर नियमात काय राहून गेलंय? जाणकारांनी सांगावं.


वाचनमात्र२२ | रविवार, रात्री १०:०५

बाळबोध प्रश्न विचारतो. पाणी उतरलं तर मासेही पाण्याबरोबर उतरतील ना? मागे कशाला राहतील?


पाणकावळा | रविवार, रात्री ११:१८

@वाचनमात्र२२, बाळबोध अजिबात नाही.

मोठे मासे उतरतात. पिल्लांना ते जमत नाही, कारण त्यांचं राहणंच काठाला असतं. मध्ये धारेचा जोर, शिवाय मध्ये त्यांना गिळणारे मोठे मासे. दोन-तीन सेंटिमीटरच्या जिवाला घोट्याएवढं, संथ, जरा उबदार पाणी लागतं. आणि पाणी उतरायला लागलं की सगळ्यात आधी कोरडी पडते ती नेमकी हीच जागा.

आता थोडं गणित. काठ उभा असेल तर पाणी १० सेंटिमीटर उतरल्याने फारसं काही उघडं पडत नाही. पण गोट्यांचा पसरट काठ घ्या, शंभर मीटरला दोन मीटर उताराचा. तिथे तेच १० सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर रुंदीचा पट्टा कोरडा. तासाभरात ४० सेंटिमीटर उतरलं तर २० मीटर. त्या वीस मीटरांत खळगे असणारच. खळग्यातल्या पिल्लाला पाणी कमी होतंय हे जाणवेपर्यंत बाहेरची वाट बंद झालेली असते.

नॉर्वेत वीजगृहांखालच्या नद्यांवर साल्मन आणि ट्राउटच्या पिल्लांवर यासाठी मुद्दाम प्रयोग झाले. पाणी तासाला साधारण १० सेंटिमीटरपेक्षा सावकाश उतरवलं की अडकणाऱ्यांची संख्या खूप घटते असं दिसलं. दुसरी गोष्ट मला स्वतःला जास्त आवडते. कडाक्याच्या हिवाळ्यात साल्मनची पिल्लं दिवसा दगडांखाली दडून बसतात आणि रात्री बाहेर येतात. म्हणून हिवाळ्यात पाणी उतरवायचंच असेल तर अंधारात उतरवलेलं बरं. दिवसा उतरवलं तर ती दगडाखालीच राहतात. म्हणजे डोहकाठ, तुमच्या धरणाने रात्री पाणी बंद केलं म्हणून लगेच शिव्या घालू नका. उबदार पाण्यातल्या माशांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं, पण 'रात्री म्हणजे वाईटच' असं धरून चालत नाही.

तुमचा फळ्यावरचा आकडा खरा होता, कारण तो तळ सांगतो. वरून तळापर्यंत किती वेळात आलात हे तो विचारतच नाही. जिना उतरलेला आणि गच्चीवरून उडी मारलेला, दोघेही अंगणातच पोचतात.

१९९७ साली पॉफ या नदी-अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीच्या वाहण्याची पाच अंगं मांडली होती. पाणी किती, किती वेळा, किती दिवस, कुठल्या मोसमात, आणि किती झपाट्याने चढतं-उतरतं. बहुतेक नियमांत यातलं पहिलंच येतं. तेही अर्धंमुर्धं.


तिसरं आवर्तन | सोमवार, सकाळी ७:३०

मासे वाचावेत याला कोण नाही म्हणतंय? पण हे धागे नेहमी एकाच दिशेने जातात. आधी 'थोडं सावकाश सोडा', मग 'थोडं जास्त सोडा', मग 'वर्षभर सोडा'. धरणात पाणी मोजून असतं राव. नदीला दिलेला प्रत्येक थेंब कोणाच्या तरी सिंचनाच्या पाळीतून जातो. कालव्याच्या टेलला ज्याचं रान आहे त्याला हे समजावून सांगा, मग नॉर्वेच्या गोष्टी.


सांडवा | सोमवार, दुपारी १:१२

तीस वर्षं धरणांवर काढली, आता निवृत्त आहे. आवर्तनराव, हिशेबाचं बोललात म्हणून हिशेबच देतो.

समजा २००० क्यूसेक (सेकंदाला घनफूट) चालू आहेत आणि १०० वर आणायचेत. एका झटक्यात आणण्याऐवजी सहा तासांत टप्प्याटप्प्याने आणले. जास्तीचं पाणी किती गेलं? सरासरी ९५० क्यूसेक, सहा तास. म्हणजे दोन कोटी घनफुटांच्या जरा वर. एका टीएमसीचा, म्हणजे अब्ज घनफुटांचा, पन्नासावा भाग. आणि बंद करायची वेळ आधीपासून ठाऊक असेल, जी बहुतेकदा असतेच, तर तीन तास आधीच उतरवायला सुरुवात करा. मग तेवढंही जात नाही, सुरुवातीला वाचवलेलं शेवटी वापरलं जातं. हे पाणी कोणाच्याही पाळीतून जात नाही. जाते ती फक्त ड्युटीवरच्या माणसाची झोप.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पक्षी बघणाऱ्यांना वाटेल की सगळं एका चाकावर असतं.

लोकांना धरण म्हटलं की सांडव्यावरचे मोठे वक्राकार दरवाजे दिसतात, फोटोही त्यांचेच येतात. ते दरवाजे सांडव्याच्या माथ्यावर बसवलेले असतात. धरणातली पातळी माथ्याच्या खाली गेली की ते उघडे ठेवा नाहीतर बंद, थेंब जात नाही. वर्षातले कितीतरी महिने नदीत पाणी सोडायला फक्त खालचे विमोचक, म्हणजे तळाजवळची पाणी सोडायची तोंडं, नाहीतर वीजगृह. जुन्या धरणांत नदीसाठी वेगळा विमोचक ठेवलेलाच नसतो. कालव्याला आहे, विजेला आहे. नदीला पाणी द्यावं लागेल हे नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यातच नव्हतं. मग आज नियम आला की पंचाईत. भलामोठा दरवाजा चार बोटं उचलून ठेवायचा म्हटलं तर तो थरथरतो. पाण्याचा झोत चिरकत बाहेर पडतो, दरवाज्याची सीलं आणि खालचं काँक्रीट खातो. एका ठिकाणी रात्रभर असा दरवाजा धरून बसलो होतो, त्या आवाजाने दात शिवशिवायचे. छोट्या प्रवाहाला छोटी तोटीच लागते. ती बसवणं हे खरं काम आहे, आणि त्याचं उद्घाटन करायला कोणी येत नाही.

तिसरी गोष्ट, वीजगृहातला संच ट्रिप होणे. ग्रिडमध्ये बिघाड झाला की संच काही सेकंदांत बंद, पाणीही बंद. त्यात कोणाचा हलगर्जीपणा नसतो. उपाय आहे, बगलेतून जाणारा व्हॉल्व्ह, संच पडला की आपोआप उघडणारा. काही ठिकाणी असतो.


मेगावॅट | सोमवार, रात्री ८:५०

सांडवाकाका, ट्रिपचा उल्लेख केलात म्हणून धन्यवाद, नाहीतर आम्हीच कायम खलनायक.

विजेच्या बाजूने बघा. कोळशाचा संच चालू करायला तास न् तास लागतात, पाण्याचा मिनिटांत येतो. म्हणून संध्याकाळची मागणी वाढली की पाणी, उतरली की बंद. वाऱ्याची आणि उन्हाची वीज वाढतेय तसं हे चढउतार अजून वाढणार. स्वच्छ विजेची किंमत नदी भरतेय हे मान्य, पण 'चढउतार नकोतच' हे उत्तर चालणार नाही.

तरी वाटाघाटीला जागा असते. अमेरिकेत कोलंबिया नदीवर व्हर्निटा बार नावाचा गोट्यांचा पट्टा आहे, तिथे चिनूक साल्मन अंडी घालतात. ही मादी शेपटीने गोटे उकरून घरटं करते, आणि ते मुख्यतः दिवसा. दिवसा विजेला मागणी, म्हणून पाणी वर, म्हणून घरटी उंचावर. रात्री पाणी उतरलं की घरटी कोरडी. १९८८ च्या करारात वीजवाल्यांनी पाळीच उलटी केली. अंडी घालायच्या दिवसांत दिवसा प्रवाह खाली ठेवायचा आणि जास्तीचं पाणी रात्री सोडायचं. मासे खालच्या पट्ट्यात घरटी करतात, आणि तो पट्टा पुढे हिवाळाभर ओला ठेवणं परवडतं. नंतर पिल्लं अडकू नयेत म्हणून २००४ मध्ये कराराची व्याप्ती वाढवली. माशाला समजावता येत नाही, पण तो कुठे अंडी घालेल हे ठरवता येतं! मला हे कुठल्याही बंदीपेक्षा हुशारीचं वाटतं.

स्वित्झर्लंडने २०११ मध्ये कायदा बदलून अशा चढउतारांचा त्रास २०३० पर्यंत निस्तरायचं ठरवलं. खर्च वीजकंपन्यांच्या डोक्यावर न मारता ग्रिडच्या दरावर छोटा अधिभार लावून काढला. म्हणून तिथे बांधकामं झाली. काही ठिकाणी वीजगृहाच्या तोंडाशी तलाव बांधलेत. संचातून पाणी भसकन येतं, तलावातून नदीत सावकाश जातं.


शिंपली | सोमवार, रात्री ९:३३

सगळे माशांचंच बोलताय. डोहकाठदादा, पुढच्या वेळी जाल तेव्हा ओल्या गाळाकडे बघा. एक लांब रेघ दिसेल, कोणी काडीने ओढल्यासारखी, वेडीवाकडी. तिच्या टोकाला शिंपला असतो. पाणी ज्या बाजूला गेलं त्या बाजूला तो सरकत निघालेला असतो, एका पायावर. कधी रेघ हातभर, कधी दोन हात. कधी बिचाऱ्याने दिशाच चुकवलेली असते, गोल फिरून परत तिथेच. पाणी तासाला मीटरांनी मागे सरतंय आणि हा सेंटिमीटरांनी चाललाय.

गोड्या पाण्यातल्या बऱ्याच शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीचे दिवस माशांच्या कल्ल्यांना नाहीतर पंखांना चिकटून काढतात, काही जातींना तर ठराविकच मासा चालतो. मासा गेला की शिंपला म्हातारा होत राहतो, नवा येत नाही. नदीत शिंपले भरपूर दिसतात म्हणून आपण खूश, आणि त्यात एकही लहान नसतो. मी आता मोठे मोजायचं सोडलंय, नखाएवढे शोधते.


वाचनमात्र२२ | सोमवार, रात्री १०:०१

रेघ ओढत निघालेला शिंपला. झोप उडवलीत, ताई.


तिसरं आवर्तन | मंगळवार, सकाळी ६:५५

सांडवा यांचा हिशेब दोनदा करून बघितला, बरोबर आहे. टप्प्याटप्प्याने बंद करायला माझी हरकत नाही, मागे घेतो. शिवाय पाणी टप्प्याने सोडलं तर पात्रात धुणं-पोहणं करणाऱ्या माणसांनाही बरं, अचानक लोंढा येऊन माणसं वाहून जातात ती बातमी दर वर्षी असते.

पण किमान प्रवाहाचा मूळ आकडा कोण ठरवतं? कशावरून १० टक्के, कशावरून ३०? आणि ऑस्ट्रेलियाने तर नदीसाठी म्हणून पाणी राखून ठेवलं, तरी डार्लिंग नदीत मेनिंडीला लाखोंनी मासे मेले. मग?


पाणकावळा | मंगळवार, दुपारी ३:४०

दोन्ही प्रश्न नेमके आहेत, एकेक घेतो.

टक्क्यांचा उगम बराचसा अमेरिकेतले मत्स्यतज्ज्ञ डोनाल्ड टेनंट यांच्या १९७६ च्या कामात. माँटाना, वायोमिंग आणि नेब्रास्का इथल्या ११ नद्या-ओढ्यांवर ते वेगवेगळ्या प्रवाहांत उतरले, रुंदी, खोली, वेग मोजला. त्यातून निघालं की वर्षाच्या सरासरी प्रवाहाच्या १० टक्क्यांवर बहुतेक जीव थोडे दिवस तग धरतात, ३० टक्क्यांवर बऱ्यापैकी राहतात, ६० च्या आसपास उत्तम. पद्धत सोपी, एक कागद आणि जुन्या नोंदी असल्या की झालं. म्हणून जगभर पसरली. पसरताना दोन गोष्टी गळाल्या. एक, त्या नद्या बर्फ वितळून वाहणाऱ्या थंड प्रदेशातल्या, चार महिन्यांत वर्षाचं पाणी वाहून नेणाऱ्या मोसमी नदीची 'वार्षिक सरासरी' म्हणजे वेगळंच प्रकरण. दोन, १० टक्के हा 'थोडे दिवस तग धरण्याचा' आकडा होता. तो 'कायमचा पुरे' असा वाचला गेला. आयसीयूतला रोजचा आहार घरी आल्यावरही तोच ठेवावा तसं.

आपल्याकडे गंगेसाठी ९ ऑक्टोबर २०१८ ला केंद्राची अधिसूचना निघाली. त्यात एक पाऊल पुढे आहे, मोसम मानलेला आहे. उगमापासून हरिद्वारपर्यंत नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये २५, जून ते सप्टेंबर ३०. तेही वार्षिक सरासरीवर नाही, मागच्या दहा-दहा दिवसांच्या प्रवाहावर मोजायचं. हरिद्वारच्या खाली बंधाऱ्यांना थेट आकडे आहेत, भीमगोड्याला पावसाळा सोडून ३६ क्युमेक (सेकंदाला घनमीटर) आणि पावसाळ्यात ५७. आधी तीन वर्षांची मुदत होती, ती कमी करून १५ डिसेंबर २०१९ केली. हे आकडे पुरेसे आहेत का यावर वाद आहे आणि मी 'कमी आहेत' म्हणणाऱ्यांत आहे. पण डोहकाठांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातही नाही, तासातासाच्या चढउताराबद्दल तिथेही मौन आहे.

आकडा ठरवायची बरी रीत दक्षिण आफ्रिकेत रुजली. टक्केवारीने सुरुवात करायची नाही, शून्यापासून रचत जायचं. कोरड्या महिन्यांत डोह एकमेकांना जोडलेले राहायला किती लागतं? पहिल्या पावसाचा इशारा म्हणून छोटा लोंढा केव्हा? गोट्यांमधला गाळ धुवायला मोठा लोंढा किती वर्षांनी? एकेक वीट ठेवत वर्षाचं वेळापत्रक तयार होतं. त्यांच्या १९९८ च्या जलकायद्यात माणसांच्या मूलभूत गरजेचं आणि नदीचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेलं वाटायचं, असा क्रम आहे.

'पहिल्या पावसाचा इशारा' हे वरवर काव्यात्म वाटतं, पण चढणीचे मासे ज्यांनी बघितलेत त्यांना समजावून सांगायला नको. पाणी चढलं, गढूळलं, की मासा वर निघतो. धरणाखालच्या नदीत तो पहिला लोंढा धरणातच अडकतो आणि दरवाजे उघडतात ते धरण भरल्यावर, दीड-दोन महिने उशिरा. तोवर माशाच्या पोटातली अंडी वाट बघून जिरून जातात. यांगत्से नदीवर थ्री गॉर्जेस धरणातून २०११ पासून मे-जूनच्या सुमारास काही दिवस विसर्ग रोज थोडा थोडा चढवत नेतात, तो याचसाठी. तिथल्या चार जातींच्या कार्प माशांना पाणी १८ अंशांच्या वर आणि चढतं, दोन्ही लागतं. त्यांची अंडी धारेबरोबर तरंगत जातात. धार मंदावली की तळाला बसतात, मेली.

आता मेनिंडी. ऑस्ट्रेलियात २००७ च्या कायद्याने नदीचं पाणी सांभाळणारा सरकारी अधिकारीच नेमला. त्याच्याकडचे पाणीहक्क शेतकऱ्यांच्या हक्कांसारखेच असतात. दुष्काळात शेतकऱ्याला जितके टक्के मिळतात तितकेच त्या प्रकारच्या हक्कावर नदीला. आवर्तनराव, ही रीत तुम्हाला पटावी, कारण नदी तिथे तुमच्याच रांगेत उभी आहे. २०१८-१९ च्या उन्हाळ्यात वरून येणारं पाणी जवळजवळ थांबलं होतं. साचलेल्या पाण्यात शेवाळ माजलं, वरचा थर गरम आणि खालचा प्राणवायू नसलेला. मग हवा एकदम गार झाली, थर मिसळले, आणि श्वास घ्यायला काही उरलं नाही. २०२३ मध्ये त्याच जागी पुन्हा मासे मेले, याहून जास्त, आणि तेव्हा आधी पूर येऊन गेला होता. पुराने पालापाचोळा ओढून आणला, तो कुजताना प्राणवायू खाऊन गेला. एकदा पाण्याच्या कमतरतेने, एकदा पूर ओसरताना. तुम्ही म्हणाल, मग प्रवाह सांभाळून उपयोग काय? मी म्हणेन, पहिल्या वेळी प्रवाह होताच कुठे?


रानवाट | मंगळवार, रात्री ८:१५

फार मस्त धागा. मग वर्षातून एकदा दणदणीत कृत्रिम पूर सोडला की नदी स्वच्छ, मासे खूश, असं नाही का करता येणार?


सांडवा | मंगळवार, रात्री ९:५०

केलंय. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे, १९६३ पासून पाणी अडवतंय. मार्च १९९६ च्या शेवटी सात दिवस ४५,००० क्यूसेक सोडले. वाळूचे किनारे परत बांधले जावेत, त्यांच्या आडोशाला संथ पाणी तयार व्हावं, ही अपेक्षा. किनारे झालेही. मग थोड्या काळात वाहून गेले.

कारण साधं आहे. धरण फक्त पाणी अडवत नाही, वाळूही अडवतं. खाली येणारं पाणी नितळ आणि भुकेलं असतं, ते आहे तीच वाळू उचलतं. नंतर रीत बदलली. खालून मिळणाऱ्या पारिया नावाच्या उपनदीने पुरेशी वाळू आणून टाकली की तेव्हाच लोंढा सोडायचा. २०१२ पासून तसा ठरलेला शिरस्ताच आहे. कॅलेंडर बघून लोंढा सोडायचा नाही, वाळू बघून सोडायचा.


पाणकावळा | मंगळवार, रात्री १०:३५

त्याच धरणाचं अजून एक. पाण्याकडेला अंडी चिकटवणारे किडे असतात, काही जाती नेमक्या पाण्याच्या रेषेवर, अर्ध्या बुडालेल्या दगडाला. संध्याकाळी पाणी वर असताना अंडी घातली, पहाटे पाणी उतरलं, काही तासांत वाळून खलास. किडे नाहीत म्हणून माशांना खायला नाही. २०१८ च्या मे ते ऑगस्टमध्ये तिथे शनिवार-रविवार प्रवाह खाली आणि एकसारखा ठेवून बघितला. त्या दिवशी घातलेली अंडी इतकी खाली पडतात की पुढे आठवडाभर पाणी खालीवर झालं तरी बुडालेलीच. विजेची मागणी सुट्टीच्या दिवशी मुळात कमी, म्हणून तेच दिवस निवडले. किड्यांच्या नोंदींत वाढ दिसली.

आणि पाण्याचं तापमान या धाग्यात अजून कोणी काढलं नाही. खोल धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी उन्हाळ्यातही थंडगार असतं, प्रवाह कितीही शहाणपणाने सोडा, मासा अंडीच घालत नाही. त्याच कोलोरॅडोच्या खोऱ्यात फ्लेमिंग गॉर्ज धरणाला १९७८ मध्ये वेगवेगळ्या खोलीवरून पाणी उचलायची सोय बसवली, ती त्यासाठी. याउलट ग्लेन कॅन्यनला तलाव इतका खाली गेला की संचातून कोमट पाणी यायला लागलं, त्याबरोबर परके स्मॉलमाउथ बास मासे आले आणि २०२२ मध्ये त्यांची पिल्लं सापडली. २०२४ च्या उन्हाळ्यात मग खालचं थंड पाणी मुद्दाम मिसळून सोडलं, बासने अंडी घालू नयेत म्हणून. एके काळी ज्या थंड पाण्याला नावं ठेवली तेच औषध म्हणून.


तिसरं आवर्तन | बुधवार, सकाळी ७:१०

सगळं वाचलं. माझं म्हणणं एवढंच की वेळापत्रक करताना पाळीवाला टेबलावर असावा, नंतर कळवायला नको. बाकी कॅलिफोर्नियातल्या एका ओढ्याचं मीच शोधून वाचलं, प्युटा क्रीक. कोर्टकचेरीनंतर २००० मध्ये समझोता झाला. वसंतात अंडी घालायच्या दिवसांत छोटा लोंढा आणि बाकी वर्षभर धार तुटू द्यायची नाही. स्थानिक मासे काही वर्षांत खालपर्यंत परत पसरले, पाणी फार जास्त लागलं नाही. हे कोणी आधी का नाही सांगितलं?


पाणकावळा | बुधवार, सकाळी ९:०२

तुम्ही सांगितलेलं जास्त लागू पडतं म्हणून. :)


डोहकाठ | रविवार, रात्री ८:२०

आठवडाभर वाचत होतो, लिहिलं नाही. शिंपलीताई, रेघा आहेत. मी सहा वर्षं त्यांच्यावरून चालत होतो. सतरा मोजल्या, नखाएवढा एकच सापडला, तो पाण्यात ठेवला.

चौकीतल्या गृहस्थांना सांडवाकाकांचा हिशेब कागदावर लिहून दाखवला. ते म्हणाले, "आम्हाला वरून फोन येतो, 'बंद करा'. किती वेळात ते कोणी सांगत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "सांगितलं तर करू." पुढच्या बंदची वेळ त्यांनी आपणहून सांगितली, काल पहाटे पाच. मी एका काठीवर पाच-पाच सेंटिमीटरला पांढरे पट्टे रंगवून ती काठाला रोवली आणि टॉर्च घेऊन बसलो.

५:०० ते ५:३५ काहीच नाही. ५:४० ला पहिला पट्टा उघडा. ६:०० पर्यंत १४ सेंटिमीटर, ६:२० ला २७, सातला ४१. त्यानंतर सरळ रेषा. डबकी मागच्या वेळेपेक्षा कमी वाटली, पण ते मी लवकर होतो म्हणूनही असेल. या नोंदींचं आता काय करू?


सांडवा | रविवार, रात्री ९:०५

चाळीस मिनिटांत २७, म्हणजे तासाला चाळीसच्या वेगाने. धरणाच्या पायथ्याशी याहून वाईट असणार, खाली जाताना उतार पसरतो. एका काठीवरून वाद घालता येत नाही, त्यांचा इंजिनिअर म्हणेल ती जागाच तशी आहे. एक पायथ्याशी, एक तुमच्या जागी, एक अजून दोन किलोमीटर खाली. तिन्हीकडे एकाच बंदची नोंद, घड्याळं जुळवून. तीनदा झाली की मला पाठवा, अर्ज मी लिहून देतो. 'सावकाश बंद करा' असं लिहायचं नाही. 'तासाला इतके सेंटिमीटर' असं लिहायचं.


शिंपली | रविवार, रात्री ९:११

खालची काठी मी धरते.


डोहकाठ | रविवार, रात्री ९:३०

पायथ्याला मित्राला बसवतो. काठ्या दोनच आहेत, तिसरीला आज रात्री पट्टे मारतो.